महागडी हाय-फाय यंत्रणा आणि तिची दुरुस्ती : पैसे कुठे वसूल होतात, कुठे पाण्यात जातात

हाय-फायच्या दुनियेत किंमत आणि आवाज यांचं नातं सुरुवातीला सरळ असतं, पण ते लवकरच बिनसतं. अगदी स्वस्त संचाकडून मध्यम किमतीच्या संचाकडे गेलात तर फरक कुणालाही ऐकू येतो, ज्याला गाण्यात रस नाही त्यालासुद्धा. तिथून पुढे किंमत दुप्पट होते तेव्हा फरक पाव होतो, आणि आणखी वर गेलं की जो फरक उरतो तो पेटीच्या लाकडात, समोरच्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीत आणि नावात असतो. त्यात वाईट काही नाही. सुंदर वस्तू घरात असावी असं वाटणं हेही पैसे खर्चायला पुरेसं कारण आहे. मात्र आवाजासाठी देतोय असं समजून ते पैसे दिले, तर ते वसूल होत नाहीत.

१९७८ साली 'नॅड ३०२०' नावाचा ॲम्प्लिफायर (आवाजाची ताकद वाढवून स्पीकरला देणारं यंत्र) बाजारात आला. कागदावर जेमतेम २० वॅट, दिसायला अगदीच साधा, किंमत खालच्या पायरीची. त्याने कितीतरी महागड्या यंत्रांच्या पंक्तीत मानाची जागा मिळवली आणि आजही लोक तो शोधून, दुरुस्त करून वापरतात. स्वस्त म्हणजे हलकं आणि महाग म्हणजे उत्तम, हे समीकरण तेव्हाही खरं नव्हतं. आता तर चांगले सुटे भाग आणखी स्वस्त झाले आहेत.

खालच्या पायऱ्या क्रमाने केल्यात तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच बऱ्याच जणांची खरेदी रद्द होईल.

पायरी १ : आहे तेच नीट मांडा

नवीन काही घेण्याआधी घरात जे आहे ते त्याच्या पूर्ण ताकदीने वाजतंय का, ते बघा. बहुतेक ठिकाणी वाजत नसतं, आणि दोष यंत्राचा नसतो, खोलीचा आणि मांडणीचा असतो.

सगळ्यात आधी स्पीकरच्या तारा तपासा. दोन्ही बाजूंना लाल तार लाल टोकाला, काळी काळ्याला. एका बाजूला उलटी लागली असेल तर खर्जातला दम निघून जातो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. हा दोष चांगल्या चांगल्या घरांत वर्षानुवर्षं तसाच असतो, कारण आवाज तर येतच असतो ना.

मग दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण करा. ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा. स्पीकर कपाटाच्या खणात कोंबलेले असतील तर बाहेर काढा.

आता मागच्या भिंतीचं अंतर. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त फायदा आहे आणि तो फुकट आहे. खर्जाचा आवाज स्पीकरच्या पुढेच नाही, चारही बाजूंना जातो. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या (सेकंदाला ८६ कंपनांच्या) आसपास परतलेली लाट नेमकी उलटी येते आणि तिथला आवाज खाऊन टाकते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला अंतराच्या चौपटीने भागायचं, की झाला हिशेब. त्या खड्ड्यात कितीही वॅट ओता, तो भरत नाही, कारण पुढचा आवाज वाढतो तेवढाच मागचाही वाढतो. स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ नेला की खड्डा वरच्या पट्टीत सरकतो आणि सौम्य होतो, पण खर्ज फुगतो. बराच दूर नेला तर खड्डा खालच्या पट्टीत जातो. म्हणून एकेक वीत सरकवत, एकच गाणं पुन्हापुन्हा लावून ऐकायचं.

खोलीची लांबीही अशीच आपला हिस्सा मागते. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या जवळपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. त्यामुळे गिटारचा एक सूर खिडक्या हलवतो आणि थोडा वरचा सूर कुठे गेला ते कळत नाही. श्रोत्याची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर हे दुखणं सगळ्यात जास्त जाणवतं. खुर्ची अर्धा मीटर पुढे घेऊन बघा. सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, असेल तर तो काही वेळ ऐकण्याच्या जागी ठेवा आणि तुम्ही जमिनीलगत कान नेऊन खोलीभर फिरा. जिथे खर्ज सगळ्यात समतोल वाटेल तिथे सबवूफर ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या.

खोलीत टाळी वाजवून बघा. पत्र्यासारखा खणखणाट आला तर गालिचा, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी तो बराच कमी होतो. बाजारात मिळणाऱ्या बोटभर जाडीच्या स्पंजच्या चौकोनांचा खर्जावर मात्र काहीही परिणाम होत नाही. ते वरच्या पट्टीतला आवाज शोषतात आणि खोली उलट मंद, घुमी वाटायला लागते. खर्ज आवरायचा तर वीतभर जाडीची खनिज लोकर आणि तीही कोपऱ्यांत लागते.

मोजमाप करायचं असेल तर 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मोजमापाचा मायक्रोफोन संपूर्ण संचाच्या मानाने फार स्वस्त पडतो. तो आलेख एकदा डोळ्यांनी पाहिला, १० डेसिबलचे (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) खड्डे आणि डोंगर दिसले, की ॲम्प्लिफायरमधल्या ०.०१ टक्के विकृतीची, म्हणजे मूळ आवाजात होणाऱ्या बदलाची, चिंता आपोआप मागे पडते.

पायरी २ : वॅटचा हिशेब कागदावर करा

दुकानात वॅट विकले जातात, पण लागतात किती हे फारसं कुणी सांगत नाही. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते, समजा ८७ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. तुम्ही ३ मीटरवर बसता, दोन स्पीकर वाजतायत, भिंती थोडा आवाज परत देतायत, हे सगळं धरलं तर खुर्चीपाशी १ वॅटला साधारण ८२ डेसिबल मिळतात. घरात निवांत ऐकायची सरासरी पातळी ७५ च्या आसपास असते. म्हणजे बहुतेक वेळ तुमचा ॲम्प्लिफायर पाव वॅटही देत नसतो. संगीतातले उसळते क्षण सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर जातात असं धरू. ९५ डेसिबलसाठी १३ डेसिबल जास्त हवे, म्हणजे २० पट वीज. झाले २० वॅट. ५०-६० वॅट घेतले की पुरेशी सोय झाली.

१०० वॅटवरून २०० वर गेलात तर मिळतात फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे १० पट वॅट. कमी संवेदनशीलतेचे, समजा ८३ डेसिबलचे स्पीकर असतील किंवा ज्यांचा अवरोध (इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा) ३-४ ओहमपर्यंत खाली जातो असे असतील, तर तगडा ॲम्प्लिफायर घेणं रास्त आहे. मोठ्या दिवाणखान्यालाही तेच लागू. बाकीच्यांनी हा कागद खिशात ठेवूनच दुकानात जावं.

पायरी ३ : डोळे झाकून ऐका

हीच पायरी लोक गाळतात, आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त पैसे वाचवते. किंमत, नाव, आकार हे डोळ्यांना कळलं की कानांवर त्याचा परिणाम होतो. यात फसवणूक कुणी करत नाही, मेंदू तसाच चालतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हे स्पीकरच्या बाबतीत दाखवलं. तेच स्पीकर, तेच श्रोते, पण पडद्यामागे ठेवले तेव्हा गुण वेगळे पडले आणि समोर दिसले तेव्हा वेगळे. जे स्पीकर मोठे आणि भारदस्त दिसत होते त्यांचे गुण दिसताक्षणी वाढले.

घरी करायची रीत अशी. ज्या दोन यंत्रांची तुलना करायची त्यांचा आवाज आधी तंतोतंत सारखा करा. कानांनी नाही, मीटरने. ३०० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. एकाला २.०० आले तर दुसऱ्यालाही २.००, फार तर २.०२. एवढी काटेकोर जुळणी का, तर अर्ध्या डेसिबलने मोठं वाजणारं यंत्र 'मोठं' वाटत नाही, 'जास्त स्पष्ट', 'जास्त जिवंत' वाटतं. दुकानातली बरीच जादू एवढ्यातच असते. मीटरच्या सुया टेकवताना दोन टोकं एकमेकांना चिकटणार नाहीत याची काळजी घ्या, ॲम्प्लिफायर जळू शकतो.

मग दुसऱ्या कुणाला तरी नाणं उडवून यंत्रं बदलायला सांगा. त्याने तोंडाने किंवा चेहऱ्याने काही सुचवायचं नाही, तो खोलीबाहेर किंवा पडद्याआड असला तर उत्तम. १६ वेळा ऐका, प्रत्येक वेळी कुठलं वाजतंय ते लिहा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक खरा मानायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने तेवढे यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. ८-९ बरोबर आले तर खरेदी पुढे ढकला. फायलींची तुलना करायची असेल तर माणूसही लागत नाही, 'फूबार २०००' या प्रोग्रॅममध्ये अशा चाचणीची फुकट सोय आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. कान वयाप्रमाणे उतरतात. पन्नाशीनंतर १२ ते १४ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही. ४० किलोहर्ट्झपर्यंत वाजणाऱ्या ट्वीटरसाठी जास्तीचे पैसे मोजणारा ग्राहक बहुधा याच वयाचा असतो, हा या धंद्यातला गमतीदार भाग.

पायरी ४ : पैसे कशावर, आणि किती

पहिला हक्क स्पीकरचा. पूर्ण साखळीत सगळ्यात जास्त विकृती आणि सगळ्यात जास्त वेगळेपण स्पीकरमध्येच असतं. समोरून सपाट प्रतिसाद (म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोराने) आणि बाजूंना जाणारा आवाजही समोरच्यासारखाच गुळगुळीत उतरत जाणारा, असे स्पीकर पडद्याआडच्या चाचण्यांत लोकांना सातत्याने आवडत आले आहेत. घेण्याआधी असा मोजलेला आलेख मिळतो का बघा, आणि शक्य असेल तर स्पीकर स्वतःच्या खोलीत आणून ऐका. परत घेण्याची मुदत देणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी चालेल. एकूण रकमेचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग स्पीकर आणि खोलीवर जाऊ द्या.

ॲम्प्लिफायर पायरी २ मधल्या हिशेबाने घ्या. नीट बनवलेले दोन ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर त्यांच्या मर्यादेत वाजत असतील तर आवाज जुळवून, डोळे झाकून ते वेगळे ओळखणं फार अवघड असतं. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, ॲम्प्लिफायर मात्र बरेचदा खरोखर वेगळे वाजतात. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा अवरोध जसा वरखाली होतो तसा आवाजाचा तोलही बदलतो. कानाला ते गोड लागत असेल तर जरूर घ्या. फक्त आपण एक महागडा, गरम होणारा टोन कंट्रोल घेतोय हे मनाशी असू द्या.

डॅक, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणारा डबा, यावर मोठी रक्कम घालायची वेळ आता राहिलेली नाही. सीडीचं १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माप ९६ डेसिबलचा आवाका देतं, घरातल्या शांततेत त्याहून जास्त वापरायला जागाच नसते. २००७ मध्ये मायर आणि मोरान या अभ्यासकांनी उच्च प्रतीचं ध्वनिमुद्रण थेट ऐकवलं आणि तेच मधे सीडीच्या मापातून नेऊन ऐकवलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. चांगल्या ध्वनिमुद्रणासाठी पैसे द्या. त्याच ध्वनिमुद्रणाच्या फुगवलेल्या फायलीसाठी नको.

जाणकार कानांच्या बाबतीतलं एक प्रकरण तर विसरता येणार नाही. 'मोबाइल फिडेलिटी' ही तबकड्या काढणारी नावाजलेली कंपनी, तिच्या तबकड्या शुद्ध ॲनालॉग म्हणून लोक चढ्या भावाने घेत होते. २०२२ साली उघड झालं की अनेक तबकड्यांच्या निर्मितीत मधे एक डिजिटल पायरी होती, आणि ती काही वर्षांपासून होती. तोवर परीक्षकांनी आणि संग्राहकांनी त्या तबकड्यांच्या 'ॲनालॉग' गोडव्याची तारीफच केली होती. तबकड्या उत्तमच होत्या. ज्याला लोक कानाने ओळखता येतं म्हणत होते, ते ओळखता येत नव्हतं इतकंच.

तारांचा हिशेब दोन ओळींत होतो. १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, ५ मीटर लांब, जाऊन-येऊन १० मीटर : रोध सुमारे ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला यातून साधारण ०.१३ डेसिबलचं नुकसान. २.५ चौरस मिलिमीटर घेतली की तेही जवळपास अर्ध्यावर. टोकं घट्ट बसवा आणि विषय संपवा. अपवाद एकच, तबकडीच्या टर्नटेबलची तार. मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजला (सुई धरणाऱ्या भागाचा एक प्रकार) तारेच्या कपॅसिटन्सने, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणाने, वरच्या पट्टीत खरा फरक पडतो, तिथे उत्पादकाने सांगितलेलं माप पाळा. विजेची जाड केबल, खास फ्यूज, केबल जमिनीपासून उचलून धरणारे ठोकळे, यांना माझ्या घरात जागा नाही.

पायरी ५ : ही वस्तू म्हातारी कशी होईल, ते घेण्याआधी विचारा

किंमत वसूल होणं म्हणजे दरवर्षी किती खर्च पडला. घेतलेली किंमत अधिक दुरुस्त्या, वजा विकताना आलेले पैसे, भागिले वर्षं. १०० ला घेतलेला नवा संच १० वर्षांनी २० ला गेला तर वर्षाला ८ पडले. तोच संच जुना ४० ला घेतला, १५ घालून नीट केला, १० वर्षांनी ३५ ला विकला, तर वर्षाला २. आकडे समजण्यापुरते, पण जुन्या चांगल्या मालाचं गणित साधारण असंच बसतं.

सगळ्यात टिकाऊ म्हणजे साधे पॅसिव्ह (आत ॲम्प्लिफायर नसलेले) स्पीकर आणि साधा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, २०-३० वर्षं आरामात. टेक्निक्सचं 'एसएल-१२००' टर्नटेबल १९७२ मध्ये आलं, २०१० मध्ये बंद झालं, २०१६ मध्ये परत आलं. या माळेतली जुनी यंत्रं आजही दुरुस्त होतात, कारण बांधणी दणकट आहे, माहिती सगळ्यांकडे आहे आणि भाग मिळतात. याउलट इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा ॲप आणि सॉफ्टवेअरच्या आधारावर जगतो. कंपनीने पाठिंबा काढला की आत सोन्याची पट्टी असली तरी तो दगड. म्हणून हा भाग वेगळा आणि स्वस्त ठेवावा, महाग ॲम्प्लिफायरच्या पोटात नको. गाण्यांच्या फायलींचे नवे फॉरमॅटही असेच. 'एमक्यूए'साठी लोकांनी जास्तीचे पैसे देऊन डीकोडर घेतले, आणि २०२३ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर आणि क्लास डी (वीज भराभर चालू-बंद करून चालणारे) ॲम्प्लिफायर वाजतात उत्तम. पण बिघडले की बरेचदा आख्खा बोर्डच बदलावा लागतो. घेताना विचारा : बोर्ड सुटा मिळतो का, आणि किती वर्षं मिळेल?

पायरी ६ : बिघाड कुठे आहे ते घरीच शोधा

'एकदा पूर्ण सर्व्हिसिंग करून द्या' हे वाक्य कारागिराला सांगणं म्हणजे कोरा धनादेश देणं. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला दरवर्षीच्या सर्व्हिसिंगची गरज नसते. धूळ झटका, हवा खेळती ठेवा, आणि तक्रार असेल तर नेमकी सांगा.

एका बाजूचा आवाज गेलाय? यंत्र बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागे स्पीकरच्या तारा डाव्या-उजव्या अदलाबदल करा. तोच स्पीकर मुका राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा. आता दुसरा स्पीकर मुका झाला तर तारा पूर्ववत लावा आणि मागच्या इनपुटच्या पिना अदलाबदल करा. आता मुकी बाजू सरकली तर दोष गाणं वाजवणाऱ्या यंत्रात किंवा त्याच्या तारेत, नाही सरकली तर ॲम्प्लिफायरमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यामुळे धडधाकट ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेण्याची फेरी वाचते.

आवाजाची खुंटी फिरवताना खरखर येत असेल तर पॉटमध्ये, म्हणजे खुंटीमागच्या भागात, मळ आहे. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा काँटॅक्ट क्लीनर आत मारून खुंटी वीसेक वेळा फिरवली की बहुधा जाते. गंज सोडवायचा साधा तेलकट स्प्रे मारू नका. हळू आवाजात एक बाजू गायब आणि आवाज वाढवला की परत येते, हे स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) काँटॅक्ट काळे पडल्याचं लक्षण. रिले अगदी स्वस्त भाग आहे, घासून चालवण्यापेक्षा बदलावा.

गुणगुण येत असेल तर आधी सगळ्या इनपुटच्या तारा काढा. गुणगुण थांबली तर तो अर्थिंगच्या फेऱ्याचा (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून वीज फिरण्याचा) प्रश्न, ॲम्प्लिफायर ठीक आहे. चालूच राहिली तर आतल्या फिल्टर कपॅसिटरवर (वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणाऱ्या भागांवर) संशय घ्या, ते थकले की विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झची जाड गुणगुण येते. चालू करताना जोराचा 'धप्प' होत असेल तर गाणं न लावता स्पीकरच्या टोकांवर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही, १०० च्या वर गेलं तर दाखवा. व्होल्टमध्ये आलं तर लगेच स्पीकर काढा, नाहीतर वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भागाची) कॉइल जळेल.

स्पीकरमध्ये वूफरच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. चुरा पडत असेल तर फोम कुजलाय, १०-२० वर्षांत हे होतंच. फक्त कड बदलून मिळते, पूर्ण स्पीकर टाकून देऊ नका. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबून आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल सरकली आहे आणि ते काम मोठं आहे.

टर्नटेबलची सुई हा एकमेव खर्च असा की तो वेळेवर न केल्यास दुसरंच काही खराब होतं. सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. रोज तासभर ऐकलंत तर दीड ते तीन वर्षं. झिजलेली सुई तबकडीची खाच कोरत जाते, आणि तबकडी दुरुस्त होत नाही.

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरी उघडू नका. आत ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.

पायरी ७ : 'सगळे कपॅसिटर बदलू' म्हणाले तर

जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे याच एका वाक्यावर जातात, म्हणून थोडं खोलात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. त्याच्या अंगावर तापमान छापलेलं असतं, माहितीपत्रकात तास असतात, समजा १०५ अंशाला २००० तास. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. कपॅसिटर ४५ अंशांवर राहत असेल तर ६० अंशांचा फरक, म्हणजे सहा वेळा दुप्पट, ६४ पट : १,२८,००० तास. अखंड चालू ठेवला तरी साडेचौदा वर्षं. तोच कपॅसिटर ७५ अंशांत भाजत असेल तर १६,००० तासच.

यातून दोन गोष्टी निघतात. थंड राहणाऱ्या, रोज दोन-तीन तास वाजणाऱ्या १५ वर्षांच्या ॲम्प्लिफायरचे सगळे कपॅसिटर सरसकट बदलायचं कारण नाही. आणि बंद कपाटात, डोक्यावर दुसरं यंत्र घेऊन तापणारा ॲम्प्लिफायर तुम्ही स्वतःच्या हाताने म्हातारा करताय. वर वीतभर मोकळी जागा ठेवणं ही सगळ्यात स्वस्त सर्व्हिसिंग.

कारागिराला विचारा : कुठले कपॅसिटर खराब आहेत, मीटरवर ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) किती आला? वीजपुरवठ्यातले आणि गरम भागांना खेटलेले आधी जातात, तेवढे बदलणं रास्त. ३०-४० वर्षं जुन्या यंत्रात सगळे बदलण्यालाही अर्थ आहे, कारण तेव्हा एकेक शोधत बसण्याच्या मजुरीपेक्षा ते स्वस्त पडतं. 'आवाज खुलेल' म्हणून निरोगी कपॅसिटर काढून महाग ब्रँडचे घालणं, हे मात्र नको. जुन्या बोर्डावर प्रत्येक वेळी डाग देताना तांब्याची पट्टी उचकटण्याचा धोका असतोच.

पायरी ८ : कारागिराशी बोलणं

चांगला कारागीर मिळणं हे चांगलं यंत्र मिळण्याइतकंच नशिबाचं. ओळखायची माझी खूण : तो बघण्याआधी किंमत सांगत नाही, आणि सर्व्हिस मॅन्युअल मागतो किंवा त्याच्याकडे ते असतं. तपासणीचे वेगळे पैसे घेत असेल तर आनंदाने द्या, ते प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. 'एवढ्या रकमेच्या वर गेलं तर आधी विचारा' हे लिहून घ्या. काढलेले भाग परत मागा.

आउटपुट ट्रान्झिस्टर बदलायचे असतील तर ते कुठून आणणार, हे विचारायला लाजू नका. तोशिबाच्या '२एससी५२००' आणि '२एसए१९४३' या जोडीची बाजारात इतकी नक्कल आहे की खरा माल मिळणं हेच कौशल्य. नकली ट्रान्झिस्टर हळू आवाजात आठवडाभर चालतो आणि आवाज वाढवताच फुटतो, बरोबर आजूबाजूचे भाग घेऊन. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब (दोष असलाच तर वीज आवरणारा, वाटेत जोडलेला बल्ब) लावता का, बायस (ट्रान्झिस्टरमधून गाणं नसतानाही वाहणाऱ्या विजेची पातळी) यंत्र गरम झाल्यावर लावता का, हेही विचारा. ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलतो.

पायरी ९ : दुरुस्त करायचं, की सोडून द्यायचं

माझा ढोबळ नियम : दुरुस्तीचा खर्च त्याच यंत्राच्या चालू स्थितीतल्या जुन्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आत असेल तर करावी. मूळ किंमत काय होती हे विसरा, ते पैसे गेले. सीडी प्लेयरचा लेझर मिळत नसेल, होम थिएटर रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड गेला असेल, किंवा आधी कुणीतरी आत हात घालून पट्ट्या जाळून ठेवल्या असतील, तर सोडा. ट्रान्सफॉर्मर, पेटी, चॅसिस ठीक असलेला साधा ॲम्प्लिफायर मात्र नियम थोडा मोडूनही वाचवावा, तसं जड काम आता त्या किमतीत नवं मिळत नाही.

यंत्र परत आणायला जाल तेव्हा घाई करू नका. तिथेच अर्धा तास वाजवायला सांगा. दोन्ही बाजू अगदी हळू आवाजात सारख्या येतात का ऐका. खुंटी टोकापासून टोकापर्यंत फिरवा, सगळे इनपुट बदलून बघा, मग हीट सिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) दोन्ही बाजूंना हात लावून बघा. एक बाजू कोमट आणि दुसरी हात टेकवत नाही इतकी गरम असेल तर बायस नीट लागलेला नाही, यंत्र तिथेच ठेवून या. बिलावर बदललेल्या भागांची नावं आणि दुरुस्तीची हमी किती दिवसांची हे लिहून घ्या, आणि त्या बिलाचा फोटो यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलच्या फायलीत ठेवा. पुढच्या वेळी ते उघडणाऱ्याचे दोन तास वाचतील, आणि त्या दोन तासांचे तुमचे पैसे.